बाटलीच्या आतलं हसू

मंडळी, आज मी सुनेला रडवलं आणि अजून मला त्याची लाज वाटलेली नाही.

माझ्याकडे तपकीर ठेवायची अंगठ्याएवढी चिनी काचेची बाटली होती. गेल्या वर्षी, हे गेल्यावर, इथे दुबईत दरवर्षी भरणाऱ्या जत्रेत एका म्हाताऱ्या चिनी कारागिराने तिच्या बारीक तोंडातून वाकडा ब्रश घालून काचेच्या आतल्या बाजूने ह्यांचा चेहरा रंगवला. कॅमेरा दिसला की हे तोंड मिटायचे, त्यामुळे फोटो सगळे गंभीर.

"युवर हजबंड, ही लाफ?" हे हसायचे का, असं त्याने मला विचारलं.

"खूप," मी म्हटलं. मग मी खाणाखुणांनी सांगत गेले आणि त्याने ते हसू रंगवलं.

आज दुपारी सून कौतुकाने म्हणाली, "आई, सरप्राइज! रिकामीच होती ना, म्हणून ऊदाचं अत्तर भरून आणलं."

आत नुसता राखाडी गाळ तरंगत होता.

"अगं, चित्र आतून असतं!"

"मला बाहेरून वाटलं, आई."

"एवढी एम.बी.ए. झालेली बाई तू!" मी ओरडले, तशी ती रडायलाच लागली.

तशीच टॅक्सी करून जत्रेत गेले. स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "अंकल गो चायना. आईज खलास." म्हणजे डोळे गेले म्हणून तो म्हातारा चीनला परतला होता. तिच्यापुढे छापील चित्रांच्या बाटल्यांची रास होती.

सगळे म्हणतात, सुनेला माफ कर. करेन. पण ह्यांचं हसू आता मी कोणाला सांगून रंगवून घेऊ?