चावीकाका आणि अंगणातलं जातं

माझ्या वडिलांचा चेहरा मला ठाऊक नाही. मी पाळण्यात असतानाच ते मुंबईत तापाने गेले. फोटो काढून ठेवावा एवढी ऐपत घराला कधीच नव्हती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आईने डोंगरउतारावर राबून नाचणीवर आम्हाला वाढवलं. "बाबा कसे होते गं?" असं विचारलं की ती म्हणे, "तुज्यासारकेच. नाक बरं व्हतं."

या उत्तरावर सगळे हसत. हसत नसे तो वडिलांचा धाकटा भाऊ. तो मुंबईत एका शेठच्या बंगल्यावर कामाला होता. शेठला हलती चित्रं घेण्याचा नाद; कॅमेरा वाहता वाहता काका ती कला शिकला. एका शिमग्याला शेठला विचारून, कॅमेरा घोंगडीत गुंडाळून, दासगावला बोटीतून उतरून तो चालत घरी आला. त्या यंत्राला घड्याळासारखी चावी द्यावी लागे, म्हणून तो वाडीचा चावीकाका झाला. मला एवढंच म्हणाला, "दादाचं तोंड ऱ्हायलं. वयनीचं ऱ्हाऊ द्यायचं नाय."

रीळ मात्र एकच होतं. चित्रं हलतात हे कळताच अख्खी वाडी कॅमेऱ्यापुढे येऊन हलायला लागली. कुणी हात हलवतोय, कुणी मान. एक म्हातारबाबा तर जागच्या जागी उड्या मारत होते. काका ओरडला, "अरे कामं करा रे आपापली! अंगात आल्यागत काय करताय?" पण निम्मं रीळ त्यात गेलंच.

आणि आई तर पुढे येईचना. "पांढऱ्या कपाळाचं काय काढता, भावोजी? वाडीतल्या सुनांचं काढा."

काकाने आग्रह केला नाही. "माणसाला सांगून उभं केलं, की नुसता खांब उभा ऱ्हातो," असं तो म्हणे. कॅमेरा हलवायचा नाही, उजेड पाठीशी घ्यायचा आणि गप बसायचं, ही त्याची रीत. आमच्या घरात दिवसाही काळोख. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन गडी बोलावून जातं उचललं आणि अंगणात उन्हात आणून मांडलं. समोर पालथ्या उखळावर कॅमेरा ठेवला, आणि स्वतःच दळायला बसला. नाचणी जात्यात कमी, अंगणात जास्त.

आई आतून धावत आली. "उठा, उठा! कोंबड्यांना जेवण घालताय काय? आन् जातं भायेर कशाला? लगीन लागतंय काय त्याचं?" स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू फुटलं. काकाला बाजूला सारून तिने खुंटा धरला. तो हळूच उखळाशी सरकला आणि त्याने कळ दाबली. रीळ संपेपर्यंत ती दळत होती, त्याला शिव्या घालत होती, हसत होती.

पुढे काकाच्याच खोलीत राहून मी मुंबईला कॉलेज केलं. बंगल्याच्या मागच्या खोलीत धोतराचा पडदा टांगून, शेठच्या यंत्रावर त्याने मला ते रीळ दाखवलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईने चूल फुंकता फुंकता विचारलं, "कशी दिसत्ये रे मी?"

"दळतेस, आणि काकाला शिव्या देतेस."

"मग बराबर हाय."

आता दोघंही नाहीत. आमच्या कुळात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे मी मोठ्याने सांगतो. पण माझी मुलं जन्मायच्या आधी आई गेली, तरी त्यांनी आपल्या आजीला हसताना पाहिलं आहे. ते काम काकाने केलं.