नववी खाच

अपमान झाला तो माझ्या वडिलांचा. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासच्या पहिल्या मजल्यावर. करणारे तीस-चाळीस जण होते. सगळे शिकलेले. त्यात मीही होते.

हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी मला शोधून काढायला नको.

आम्ही वडार. दगडाचं काम. वडिलांना मी आप्पा म्हणते. उभी हयात त्यांनी दगड फोडला. आता छाती साथ देत नाही, म्हणून घरी पाटे-वरवंटे घडवतात आणि गल्लोगल्ली फिरून जुन्या पाट्यांना टाकी लावतात. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीनं पुन्हा बारीक घाव घालायचे, ती टाकी. मिक्सर आल्यापासून बोलावणारे कमी झाले. तरी फिरतात.

मी त्यांची एकुलती मुलगी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. कॉलेजपासून संघटनेत आहे, पत्रकं लिहिते. वसतिगृहाच्या पाण्यासाठी लिहिलं, बसच्या पाससाठी लिहिलं. शेवटच्या ओळीत 'जाब द्या' असं जाड अक्षरात छापायची मला खोड आहे. दुसऱ्यांसाठी जाब मागायला मी कधी कचरले नाही.

आणि मला यानांच्या, ताऱ्यांच्या गोष्टींचं वेड. एक मालिका आहे. नाव घेणार नाही, फुकट जाहिरात कशाला. भविष्यातलं यान काळातून मागं जातं, दर भागात वेगळं युग. दोन वर्षांत मी एकही भाग चुकवला नव्हता. कोल्हापुरात तिच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. ज्यांच्या क्लासमध्ये मी बारावी केली ते सरच ग्रुपचे प्रमुख. नवा भाग आला की रविवारी त्यांच्या हॉलमध्ये पडद्यावर बघायचा, मग चर्चा. तिथं मी बोलले की माणसं ऐकायची. माझे वडील काय करतात हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. विचारलं तर मी म्हणायचे, "बांधकामात आहेत."

त्या भागाची झलक आठवडाभर आधी आली. दोन हजार वर्षांपूर्वीचा काळा डोंगर. त्यात अर्धी कोरलेली लेणी. आणि एका दगडावर ओळीनं चौकोनी खाचा. मी झलक आप्पांना दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"आगं, ह्या पाचरीच्या खाचा हैत. हितं पाचरी ठोकायच्या, मग दगड फुटतोय. आपलं काम दावणार व्हय टीव्हीत?"

"दाखवणार वाटतं."

"कुठं बघतायसा तुम्ही? मी येतो की."

पत्ता मीच दिला. माझी चूक तिथून सुरू होते.

मी खुर्च्या मांडायला लवकर गेले होते. आप्पा मागाहून एकटे आले. दाढी केलेली. लग्नाकार्याला काढायचा पांढरा सदरा. चपला दाराशी काढल्या, देवळात काढतात तशा, आणि शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. मी तिसऱ्या रांगेत होते. मी हात केला नाही. म्हटलं, नंतर ओळख करून देऊ.

भाग सुरू झाला. डोंगराखाली माणसं. काळी, उघडी, केस पिंजारलेली. बघितलं तर कळत होतं, नटांना रंग फासलाय. तासभराच्या भागात त्या माणसांच्या तोंडी एक शब्द नव्हता. फक्त "हुंम." मग यानातून उंच, गोरे लोक उतरले. त्यांनी हातातली प्रकाशाची कांडी फिरवली, दगडात ओळीनं खाचा पडल्या, डोंगर दुभंगला. खालची माणसं गुडघ्यांवर. हुंम. हुंम.

पहिल्या "हुंम"ला हॉल हसला. तिसऱ्यापासून पोरं बरोबरीनं ओरडायला लागली.

दिवे लागले. चर्चा. एक जण म्हणाला, "लॉजिकल हाय की. ह्यांच्याकडं साधी पट्टी न्हवती, एवढी सरळ रेघ येईलच कशी?" दुसरा म्हणाला, "ह्यांनी डोंगर कोरला म्हणजे आमच्या म्हशीनं पेपर सोडवला." हशा. एक मुलगी म्हणाली, "पण किती निरागस दाखवलेत ना बिचारे." मी काय बोलले? मी प्रकाशयोजनेबद्दल बोलले. चांगली आहे म्हणाले.

मग सरांनी पडद्यावर एक फोटो लावला. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, एका शेताच्या बांधावरची काळी शिळा. ग्रुपमधली पोरं तिकडं फिरायला गेली होती, त्यांना सापडलेली. शिळेवर नऊ खाचा.

"पुरावा आपल्या दारात हाय," सर म्हणाले. "मोजा. नऊ. नवग्रह म्हणतो न्हवं आपण? आणि नववी बघा, तिरकी. ती खूण हाय. कुठनं आले ती दिशा दावतीय."

टाळ्या पडल्या. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पावणं," आप्पा म्हणाले, "त्या खाचा मी पाडल्यात."

हॉल एकदम गप्प. आप्पांना वाटलं, ऐकतायत. ते सांगायला लागले.

"मी नि माझी मालकीण. ती छिन्नी धरायची, मी हातोडा मारायचो. नववीला माझा घाव चुकला. तिचा अंगठा मोडला. म्हणून ती तिरकी हाय. काम तितंच सोडलं आमी."

"मग मामा, तुमचं वय दोन हजार असंल की!" कोण तरी ओरडलं.

सर हसले नाहीत. सर नेहमीच गोड बोलतात. "गप बसा रे. मामा, पुढं या. कसं मारायचा, जरा करून दावा की."

आप्पा पुढं गेले. शिकलेला माणूस काम विचारतोय, एवढंच त्यांना कळलं. फळ्याचं डस्टर त्यांनी छिन्नीसारखं धरलं, रिकामा हात वर नेला, खाली आणला आणि घावाबरोबर श्वास सोडला. हुंम.

दगडावर घाव घालताना तो श्वास सोडावाच लागतो. कोंडून धरला तर हिसका छातीत बसतो. लहानपणी मी त्या आवाजावर झोपलेय. पडद्यावर तासभर तोच आवाज होता आणि मला ओळखू आला नव्हता.

हॉल फुटला. कुणी खुर्च्या बडवल्या. "परत, मामा, परत!" दहा-बारा फोन वर झाले. आप्पांनी परत केलं. आणखी एकदा करायला हात उचलला आणि तिथंच थांबले. तेव्हा त्यांना समजलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सात वीस. वेळ म्हणून पाठ आहे. त्यांच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं, म्हणून घड्याळाकडं बघितलं.

"कुणाबरोबर आलाय मामा?" सरांनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

मी मान खाली घातली. फोनमध्ये बघायला लागले. फोन बंद होता.

"कुणाबरोबर न्हाय," आप्पा म्हणाले. "खाली पाटी दिसली, आलो वर."

दाराशी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

मी घरी पोचले तर ते पाटा घडवत बसले होते. वर बघितलं नाही. "भाकरी झाकून ठेवलीया," एवढंच म्हणाले. त्या दिवशी घावाबरोबर आवाज येत नव्हता. ते तोंड मिटून घाव घालत होते. मधेच खोकत होते.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर स्टिकर आलं. आप्पांचा चेहरा. उघडं तोंड, वर गेलेला हात, खाली अक्षरं: हुंम. कुणाला गणित सुटलं नाही, टाक आप्पा. कुणाला भूक लागली, टाक आप्पा. आठवडा संपायच्या आत ते नेसरीला माझ्या आतेबहिणीच्या फोनवर पोचलं. तिनं मला पाठवलं. खाली लिहिलं होतं, "हे आपलं मामाच न्हवं का गं?"

मी तिलाही दोन दिवस उत्तर दिलं नाही.

पत्रकात 'आम्ही' लिहिणं फार सोपं असतं. 'आम्ही' म्हटलं की गर्दी सोबत असते, कुणाचं तोंड दिसत नाही. 'हा माझा बाप' म्हणायला एकटं उभं राहावं लागतं. माझ्या हातून शेकडो पत्रकं वाटली गेली, पण हे एक वाक्य तोंडातून निघेना.

पुढच्या रविवारी सकाळी आप्पांना म्हटलं, मला ती शिळा दाखवा. बसनं गेलो, पुढं चालत. चढ नव्हता, तरी ते दोनदा थांबले. शिळेपाशी पोचल्यावर त्यांनी आधी तिच्यावर तळहात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मी खाचांतून बोट फिरवलं. आठ सरळ. आतून चारही कोन नीट. नववीची एक बाजू ढासळलेली.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचा तो अंगठा शेवटपर्यंत सरळ झाला नाही. माझी वेणी घालताना तो मानेला टोचायचा. मी चिडायचे. कशानं मोडला, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आप्पा म्हणाले, "काम नीट झालं की खाच ऱ्हात न्हाय. दगड फुटतोय, मग त्या कडा तासून काढायच्या. घेणाऱ्याला खाच दिसली तर काम कच्चं धरत्यात. ह्यो फुटलाच न्हाय, म्हणून दिसतंय."

मी तिथंच खाली बसले. म्हणजे पायऱ्या, कमानी, विहिरी, ओटे, जिथं जिथं आमचा हात नीट चालला तिथून आम्ही तो स्वतःच तासून टाकला. तशी रीतच होती. अख्ख्या मुलखात आमच्या घरची एक खूण राहिली, आणि ती चुकीची. आईच्या मोडक्या हाडाची. तीसुद्धा ग्रुपवाल्यांनी आभाळातल्या लोकांना देऊन टाकली.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

ते खाचेतली माती काडीनं काढत होते. "तुला तितं बसायचं व्हतं न्हवं," म्हणाले.

चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मी हॉलमध्ये गेले. भाग सुरू व्हायच्या आधी पडद्यासमोर उभी राहिले. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत येत होता. म्हटलं, "त्या स्टिकरमधला माणूस माझा बाप आहे. मी त्या दिवशी इथंच बसले होते आणि गप्प राहिले. शिळेवरच्या खाचा त्याच्याच आहेत. तिरकी माझ्या आईची आहे."

सर लगेच उठले. "अगं, आधी सांगायचंस की! आम्ही मामांना पुढची खुर्ची दिली असती."

"आणि ते माझे वडील नसते तर?"

सर प्रोजेक्टरची वायर नीट करायला वळले. मागून एक जण म्हणाला, "गोष्ट हाय ती नुसती. मनावर काय घेतीस?" दुसरा म्हणाला, "तुम्ही लोक जिथं तिथं जात आणता." जात मी आणली नव्हती. ती रंग फासून पडद्यावर आधीच येऊन बसली होती.

"स्टिकर काढायला सांगतो," सर म्हणाले. "पण शिळेचं काय? पुरावा हाय तुझ्याकडं?"

पुरावा. माझ्या आईचा अंगठा मातीत गेलाय. ताऱ्यांवरून कुणी आलं म्हणायला यांना नवग्रह पुरले. आप्पा समोर उभे राहून स्वतःच्या तोंडानं सांगत होते, ते पुरलं नाही.

मी ग्रुप सोडला. स्टिकर अजून फिरतंय. सोडलेली गोष्ट परत गोळा करता येत नाही, असं सरांनी नंतर कळवलं.

आता मी दर रविवारी आप्पांसोबत गल्लीत फिरते. छिन्नी मी धरते. पाठीवरच्या पिशवीत वही असते. दगडाचं काम केलेली आमची जी माणसं जिवंत आहेत, त्यांच्याकडं जाते. कुठली पायरी, कुठला ओटा, कुणाचा हात, लिहून घेते. चुका आधी विचारते, कारण तेवढ्याच दिसतात. आप्पांचं नाव इथं दिलेलं नाही. ते नको म्हणाले. "आनखी एक तसलं चित्र काढतील," म्हणाले. मी त्यांना शब्द दिलाय, ते स्वतः हो म्हणेपर्यंत लिहिणार नाही. पण मला कुणी विचारलं तर आता मी "बांधकामात आहेत" म्हणणार नाही. आणि कुणी विचारायची वाटही बघणार नाही.

आता तुम्ही.

ते स्टिकर तुमच्या फोनमध्ये असेल तर काढून टाका. तेवढ्यावर सुटका नाही. घरातला पाटा बाहेर काढा, माळ्यावर टाकला असेल. त्यावरून हात फिरवा. घाव बोटांना लागतील. ते घालणारा माणूस तुमच्या उंबऱ्याबाहेर बसून काम करून गेलाय, त्यानं पाडलेली दगडाची कच तुम्हीच झाडून काढलीय. त्याचं नाव लिहून मला आणून द्या.

आठवत नसेल तर कोऱ्या कागदावर लिहा, 'आम्ही विचारलं नाही.' खाली सही करा. पूर्ण नावानिशी.