लोकरीत गुंतलेले साडू

साऱ्या तंजावरात लोकरीचा ध्यास घेतलेला एकच इसम आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. ज्या गावात मार्गशीर्षातसुद्धा पंखा बंद करायला कुणी धजत नाही, जिथे पहाटे देवळात जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानटोप्या सोडल्या तर लोकर औषधालाही सापडत नाही, त्या गावात बसून, चुकलो, बसून नव्हेच, ओसरीवर येरझारा घालत, हे गृहस्थ इंग्लंडातल्या बाजारगावांच्या लोकरव्यापाराचा इतिहास सांगतात. कॉलेजात तो एक धडा होता. इतरांनी परीक्षेपुरता वाचला, यांना तो कायमचा डसला. पुढे जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण कावेरीचा त्रिभुज प्रदेश घाईघाईने उरकून वर्ग कधी इंग्लंडच्या टेकड्यांवर चरायला नेतील याचा नेम नसे.

मी साताऱ्याचा, मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा तिकडे गेलेल्या मराठी घरात लग्न करून तंजावरचा झालो. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का, या वादळाशी संसार करतात. साडू एका जागी टिकत नाहीत. पानात रस्सम पडेपर्यंत ते उठून खिडकीशी गेलेले असतात आणि तिथून, "तिकडं पाद्रीसुद्धा मेंढ्या पाळून श्रीमंत झाले, कळलं कां?" असं ओरडतात. अक्का शांतपणे म्हणतात, "आमच्या घरांत मेंढ्या अस्क खोल्यांत चरतात." अस्क म्हणजे सगळ्या. हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एकदा ओरत्तनाडूच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप दिसताच त्यांनी मोपेड कालव्याच्या कडेला टाकली, एक मेंढी धरली आणि तिच्या पाठीवरून बोटं फिरवू लागले. मेंढपाळाला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याने मटणाचा भाव सांगितला. "छे, हे केस आहेत, लोकर नव्हे," असं म्हणून साडूंनी असा सुस्कारा सोडला की त्या बिचाऱ्याने भाव उतरवला. आणि एका नातलगाच्या अंत्ययात्रेत, तिरडी बांधली जात असताना, इंग्लंडात कधीकाळी प्रेत लोकरीतच गुंडाळावं असा कायदा होता, हे त्यांनी मयताच्या भावाला सांगितलं. तो रडता रडता थांबला आणि म्हणाला, "या उकाड्यांत?"

अशा माणसाची मुलगी नोकरीसाठी इंग्लंडात जावी हा योगायोग नव्हे. तिच्या लहानपणापासून यांनी दुसरा देश घरात येऊ दिला नव्हता. गेल्या वर्षी तिने आईवडिलांना बोलावलं आणि "यांना आवरायला माणूस होणा", म्हणजे हवा, असं म्हणून अक्कांनी आम्हा उभयतांनाही बरोबर घेतलं. आदल्या दिवशी अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिथं लोकरीचं कांही नसलं तर हे काय करतील?" मलाही तीच धास्ती होती.

आणि तिथे खरोखरच काही नव्हतं. म्हणजे मुलीने गाडीने नेलं ते लोकरीचं जुनं बाजारगाव सुंदर होतं, मधाच्या रंगाच्या दगडाचं. चौकात बाजारही भरला होता. पण चीज, रोपं, मेणबत्त्या. साडू या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. शेवटी कपड्यांच्या एका ठेल्यावर त्यांनी बनियनचं कापड चिमटीत धरलं, आतली पट्टी उलटून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "तिरुप्पूर," ते म्हणाले. "आमच्या शेजारचं सुती कापड." आम्ही काही बोलणार तोच ते गर्दीत दिसेनासे झाले.

आमची पाचावर धारण बसली. वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेला, कानटोपी घातलेला म्हातारा त्या गावात लपणं अवघड, तरी तो कुठेच दिसेना. अखेर अक्काच म्हणाल्या, "देऊळ बघा." ते चर्च त्या टीचभर गावाला दसपट मोठं होतं, लोकरीच्या पैशांतून उभं राहिलेलं. आत साडू एका बाकावर चक्क बसले होते. शेजारी फुलांची परडी घेतलेली एक वृद्ध बाई.

"व्यापार गेल्यावर तुमची माणसं कुठं गेली?" ते तिला इंग्रजीत विचारत होते.

"बरीच गेली," ती म्हणाली. "काही राहिली. आम्ही त्यांतलेच."

साडूंनी मान वळवून अक्कांना मराठीत सांगितलं, "हीं राहिलेलीं मणे. राज्य गेल्यावर आम्ही राहिलों तसे."

त्या बाईने कौतुकाने विचारलं, "ही कोणती भाषा?"

"मराठी."

"कुठे बोलतात?"

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला ज्यांच्याकडे लांबलचक उत्तर असतं ते माझे साडू जरा घुटमळले. महाराष्ट्र हा शब्द मला त्यांच्या ओठांवर आलेला दिसला. मग ते म्हणाले, "आमच्या घरी."

परतताना मुलगी गाडी चालवत होती. बापाशी ती इंग्रजीत बोलते, आईशी तमिळमध्ये. मराठी तिला कळते, पण तोंडातून निघत नाही. गाव मागे पडलं. मग रस्त्यावरची नजर न काढता ती अडखळत म्हणाली, "अप्पा, तुमाला भूक लागला कां?"

"लागला," साडू म्हणाले. व्याकरण त्यांनी सुधारलं नाही. "तुला?"

"मला बी."

मग ती दोघं घरापर्यंत मराठीतच आमटीविषयी बोलत राहिली.