पासलीत उतरणारी बॅटरी

पासलीच्या शाळेत बदली झाली त्या वर्षी मी भोरमध्ये एजंटकडून जुनी गाडी घेतली. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर पासलीत खोलीवर राहायचं, शनिवारी दुपारी भोरला घरी. मधले दिवस गाडी शाळेमागे उभी असे. शनिवारी किल्ली फिरवली की नुसतं टक्. मग कुणाच्या तरी टेम्पोच्या बॅटरीला वायरी जोडून ती चालू करायची.

नवी बॅटरी टाकली, तरी तेच. दिवाळीच्या सुट्टीत मात्र भोरला आठवडाभर उभी राहूनही गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, गाडीला हितलं मानवत न्हाई. मी हसले, पण पुढच्या शनिवारी किल्ली फिरवण्याआधी नकळत हात जोडले.

भोरला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गाडी बंद करून बॅटरीच्या वायरीत करंट मोजायचा मीटर लावला. काटा स्थिर होता. थोड्या वेळाने हलला, खाली आला, पुन्हा हलला. त्यांनी एकेक फ्यूज काढला. सगळे काढून झाले तरी काटा तसाच हलत राहिला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

"आत कायतरी जागं हाय," ते हळूच म्हणाले.

स्टिअरिंगखालचं पॅनल उघडल्यावर काडेपेटीएवढी काळी डबी निघाली. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. गाडी कुठे आहे हे दुसऱ्याच्या मोबाईलवर दाखवणारं यंत्र, मिस्त्रींनी सांगितलं. पासलीत रेंज नाही, म्हणून ते रात्रंदिवस रेंज शोधत बॅटरी खातं. आतलं सिम चालू होतं. म्हणजे कुणीतरी ते रिचार्ज करत होतं. इतके महिने मी कुठे जाते, कुठे थांबते, कुणीतरी बघत होतं.

विक्रीच्या कागदावर आधीच्या मालकाचा पत्ता आंबवड्याचा होता. डबी न काढता मिस्त्रींना सोबत घेऊन तशीच निघाले. काय काय सुनावायचं ते वाटेत ठरवत होते.

आम्ही पोचलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ हातात मोबाईल घेऊन दारात उभेच होते.

"या बाई. फाट्यावर वळलात तवाच कळलं."

गाडी त्यांच्या मुलाची. तो आजारपणात गेला. गाडी डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी ती विकली, पण मोबाईलच्या नकाशावरचा तिचा ठिपका काही पुसवला नाही. तो हलला की पोरगा कामाला निघाला असं वाटायचं, म्हणाले. "पासलीत ठिपका दिसंनासा व्हतो. मग शनवारपातुर जीव थाऱ्यावर नसतो."

तरी मी सांगितलं, मला हे चालणार नाही. त्यांनी मान हलवली.

"काढा. पर हितं काढा. तो गाडी लावायचा त्या जागंवर."

मी गाडी अंगणात चिंचेखाली घेतली. मिस्त्रींनी वायर कापली, दिवा विझला. म्हाताऱ्यांच्या मोबाईलवर ठिपका त्यांच्याच घरावर थांबून राहिला. आम्ही निघालो तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी पासलीत गाडी लगेच सुरू झाली. नसरापूरला चहाला थांबले, तेव्हा मनात आलं, मी इथे आहे हे आता कुणालाच ठाऊक नाही. बरं वाटलं की भीती, ते मला अजून नीट सांगता येत नाही.