एक-शून्य, कॉर्नरवरनं

मॅचच्या आदल्या संध्याकाळी आमच्या पेठेतला बाप्या घरात सापडत नाही. सगळे तालमीच्या कट्ट्यावर. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, पण हल्ली मातीत उतरणारे चार आणि फुटबॉलवर बोलणारे चारशे. त्यातून समोर पलीकडच्या पेठेच्या तालमीचा संघ असला की विचारूच नका. दोन्ही पेठांत सोयरिकी आहेत, दूध एकाच गवळ्याचं येतं, पण त्या आठवड्यात जावईसुद्धा सासुरवाडीला तोंड दाखवत नाही.

कट्ट्यावरचा रिवाज असा, की उद्या किती गोल होणार ते प्रत्येकानं सांगायचं. सुरुवात धाकट्यापासून. पोरं तीन-शून्य, चार-शून्य सांगून मोकळी होतात, त्यांच्या बापाचं काय जातंय! मोबाइलवर परदेशातल्या मॅचा बघून त्यांना डावपेचही फार कळायला लागलेत. मी शाळामास्तर, असलं ऐकलं की कान पिळावासा वाटतो. म्हातारे जरा जपून बोलतात. एक जण दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम आपण हरणार असं सांगतो आणि दरवर्षी शिव्या खातो.

सगळ्यात शेवटी बोलतो तो माझा दोस्त. त्याला जाऊन दहा-बारा वर्षं झाली.

तो होता तेव्हाही शेवटीच बोलायचा आणि दरवेळी तेच बोलायचा. "एक-शून्य. आपलंच. कॉर्नरवरनं." एकदाही खरं ठरलं नाही. तरी पुढच्या वर्षी पठ्ठ्या पुन्हा तेच. त्या शेवटच्या वर्षी त्याला कट्ट्यावर यायला जमलं नव्हतं, म्हणून मॅचच्या सकाळी त्यानं आपला आवाज रेकॉर्ड करून माझ्या मोबाइलवर पाठवला. त्यानंतर थोड्याच वेळात, स्टेडियमला निघायचं म्हणून शर्ट घालता घालता, तो कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मॅच काही थांबली नाही. आम्ही पंचगंगेच्या काठावर त्याच्या चितेपाशी उभे होतो आणि तिकडे पेठ जिंकली. एक-शून्य. कॉर्नरवरून. निरोप मोबाइलवर आला. आम्ही सगळे आगीकडे बघत राहिलो. मला त्या वेळी त्याच्या शब्दांची भीती वाटली होती, अजून वाटते.

त्याच्या घरी परतलो तर त्याचं लहानगं पोर कोपऱ्यात बूट घालून बसलेलं. सुतकाच्या घरात हे काय, म्हणून मी ते काढायला गेलो तर पाय झाडून रडायला लागलं. शेवटी झोपल्यावर मीच हळूच नाड्या सोडल्या.

पुढच्या वर्षी कट्ट्यावर त्याची पाळी आली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, त्येचा आवाज हाय न्हवं तुमच्याकडं?" मी लावला. तेव्हापासून तो रिवाजच झाला. हरलो तरी लावतो, जिंकलो तरी लावतो. मोबाइल बदलला की आधी तो आवाज नव्यात घेतो, मग बाकीचं. "एक-शून्य. आपलंच. कॉर्नरवरनं. ध्यानात ठेवा!" एवढं झालं की पोरं शिट्ट्या मारतात आणि मी अंगठा दाबून आवाज बंद करतो. पुढे अजून थोडं आहे. ते मी फक्त एकदा ऐकलंय, तो गेला त्या रात्री, पोराच्या नाड्या सोडून घरी आल्यावर. पुन्हा ऐकायची माझी छाती होत नाही.

या वर्षीची गोष्ट वेगळी होती. दोस्त गेल्यावर वहिनी पोराला घेऊन माहेरी राहायला गेल्या, आणि माहेर पलीकडच्या पेठेत. पोर तिथंच वाढलं, तिथल्याच पोरांत खेळलं. आता कॉलेजात आहे आणि त्यांच्या तालमीच्या पुढच्या फळीत खेळतो. यंदा पहिल्यांदाच आमच्याविरुद्ध उतरणार होता. म्हणजे बापाचा आवाज आम्ही पोराच्याच विरुद्ध लावणार. कट्ट्यावर दुपारपासून कुजबुज होती, लावायचा की नाही.

संध्याकाळी तो स्वतःच आला. मॅचच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडचा खेळाडू आमच्या कट्ट्यावर! पोरं उठून उभी राहिली. एक जण म्हणाला, "काय पावणं, वाट चुकला काय?" त्यानं तिकडे लक्षच दिलं नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. उभं राहण्याची ढब अगदी बापाची, एक खांदा खाली.

"काका, पप्पांचा आवाज लावताय न्हवं?"

"तू नको म्हणालास तर न्हाय लावत, बाळा."

"लावा की. पण शेवटपतोर लावा. तुम्ही मदीच बंद करताय म्हणं."

मी खिशातला मोबाइल चाचपला. मग तोच खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मला बी मॅचला न्या म्हणून मी लई रडलतो. पप्पा मोबाइलवर बोलत हुते. मी मदीच वरडलो. ते चिडले का काय, मला आठवत न्हाय. आई म्हंती न्हाय चिडले, पण ती आत हुती. तिला काय म्हाईत?"

एवढी वर्षं हे पोर ते घेऊन जगत होतं आणि उत्तर माझ्या खिशात होतं.  मी आवाज लावला.

"एक-शून्य. आपलंच. कॉर्नरवरनं. ध्यानात ठेवा!" या वेळी शिट्टी वाजली नाही. मग बारका, रडका आवाज, "पप्पा, मी पन येनार!" आणि मग दोस्ताचं ते हसणं. "येणार की! तुला न्हेल्याबिगर जातोय व्हय मी? रडतोस कशाला? चल, बूट घाल."

तिथं आवाज संपतो.

त्यानं मोबाइलवरनं नजर काढून आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणून बूट घालून बसलतो व्हय मी." आणि कट्ट्यावर, आमच्या सगळ्यांच्या देखत, ओक्साबोक्शी रडला. मघाशी पावणं म्हणणारा पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी स्टेडियममध्ये नेहमीसारखे आम्ही आमच्या बाजूला, ते त्यांच्या बाजूला. खेळाडू मैदानात आले. तो आमच्या समोरच्या रेषेपाशी थांबला, खाली बसला आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागला. सावकाश बांधत होता. बांधून झाल्यावर त्यानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. एरवी त्यांच्या खेळाडूनं असं बघितलं असतं तर आम्ही त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. कुणी हूं की चूं केलं नाही.

मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर थाप मारली. "काय मास्तर, एक-शून्य न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो, "कॉर्नरवरनं."

कुणाचं, ते मी सांगितलं नाही.