इंजिनाखालचं लोखंड

लढाईच्या दिवसांत आमच्या घरी कापडी टपाची एक जुनी मोटार होती. तिच्यापायी मी यांच्याशी जेवढी भांडले, तेवढी उभ्या संसारात दुसऱ्या कशावरून भांडले नसेन.

मोटार खरी सासऱ्यांची. त्यांना मी मामाजी म्हणायची. रोज संध्याकाळी ते स्वतः ती चालवत शहराच्या सदर भागात आपल्या बालमित्राकडे जायचे. दोघं ओसरीवर चहा घ्यायचे, सगळ्या जगाला नावं ठेवायचे आणि दिवेलागणीला उठायचे. पुढे मामाजींच्या हातांना कंप सुटला. आधी स्टिअरिंग सुटलं, मोटार हे चालवू लागले. मग एकदा मित्राकडे चार माणसं बसलेली असताना मामाजींची कपबशी खडखडली आणि चहा धोतरावर सांडला. कुणी हसलं नाही. उलट सगळे मुद्दाम दुसरीकडे पाहू लागले, आणि तेच त्यांना लागलं. त्या दिवसापासून सदरला जाणं बंद. मित्र आमच्याकडे आले की मामाजी झोपेचं सोंग घ्यायचे आणि दारात जाऊन खोटं बोलायची पाळी माझ्यावर यायची. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

अशातच मोटारीनं मान टाकली. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं, त्या तेल पिऊन पार पिचल्या होत्या. इंजिन खाली बसलं आणि पुढचा पंखा रेडिएटरला घासू लागला. मोटारीच्या सामानाच्या दुकानदारानं हात झटकले. "रबर सगळं पलटनीले जाऊन राहिलं, साहेब. लढाई संपू द्या."

थांबणं यांच्या स्वभावात नव्हतं. "घरीच बनवतो," म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

आमच्या संत्र्याच्या बागेत विहिरीवरची एक फाटकी मोट पडली होती. तिचं चामडं कापून यांनी थरावर थर रचले आणि बोल्टांनी आवळले. थोडे दिवस बरे गेले. मग चामडंही तेलानं लिबलिबीत झालं आणि इंजिन पुन्हा खाली आलं. तेव्हा यांनी मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आस लोहाराकडे नेला, त्याचे ठोकळे कापून, भोकं पाडून आणले आणि अंगणात बसून ते कानशीनं घासायला लागले. त्या करकरीनं माझं डोकं उठायचं.

मामाजी आरामखुर्चीतून पाहत होते. "अरे, मधात काही नरम पाहिजे गा. नुसतं लोखंड लावशील तर बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतीन."

"चालली म्हणजे झालं, बाबा."

बसवायच्या दिवशी इंजिनाखाली लावलेल्या जॅकचा दांडा यांनी माझ्या हाती दिला. हे मोटारीखाली आडवे पडून भोक जुळवत होते आणि "वर घे, जरा खाली" असं माझ्यावरच खेकसत होते. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. शेवटी बोल्ट बसले.

इंजिन सुरू झालं आणि बाई, बाई! दिव्यांच्या काचा, दारं, सीटा, सगळं थडथडायला लागलं. मोटार धावताना जरा कमी, उभी असली की जास्त. आपलंच म्हणणं खरं ठरलं हे अनुभवायला मामाजी आपणहून पुढे येऊन बसले. मी मागे बसले होते. जरा वेळानं पाहते तर मामाजी मागे वळून माझ्या मांडीवरच्या हातांकडे टक लावून पाहत होते.

"तुहे बी हात कापून राहिले का वं?"

"कापून राहिले ना, मामाजी! जीभ चावली जाऊन राहिली माही," मी वैतागून म्हणाले.

ते यांच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहून मोठ्यानं हसले. किती दिवसांनी हसले! मग म्हणाले, "सदरले घे गा गाडी."

मित्राच्या फाटकाशी पोचल्यावर मामाजी घरात गेले नाहीत. इंजिनही बंद करू देईनात. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे यांचा जीव कासावीस होत होता. मी पाठीत बोट खुपसलं तेव्हा गप्प बसले. मामाजी मागच्या सीटवर आले, मित्र त्यांच्याशेजारी येऊन बसले आणि मी आतून चहा आणून दिला. दोघांच्याही कपबश्या खडखडल्या. दोघांच्याही धोतरांवर चहा सांडला.

"काय भंगार करून ठेवलं गा गाडीचं पोट्ट्यानं!" मित्र म्हणाले.

"मी तं सांगून राहिलो होतो त्याले," मामाजी म्हणाले, आणि दोघं मिळून यांना नावं ठेवायला लागले, मग बाकीच्या जगाला. मी फाटकाशी उभी राहून पदरानं डोळे पुसले.

कुपनं पुरतील तसं हे लढाई संपेपर्यंत चाललं. मग एक दिवस हे हसतमुखानं घरी आले. खरं रबर मिळालं होतं. ते लावू नका म्हणायचं माझ्या ओठांवर होतं, पण मामाजींसमोर काय बोलणार? संध्याकाळी रबर लावूनच आम्ही सदरला गेलो.

फाटकाशी मोटार इतकी गुपचूप उभी राहिली की इंजिन चालू आहे हेही कळेना. मित्राच्या हातातला कप स्थिर होता. मामाजींची कपबशी तेवढी वाजत होती. मित्र फाटकावरच्या वेलाकडे पाहू लागले. मामाजींनी चहा न पिता परत दिला आणि म्हणाले, "घरी चाल गा."

यांना काही समजत नाही, असं मी धरून चालले होते. सकाळी उठून अंगणात येते तर हे मोटारीखाली. "जॅकचा दांडा धर वं," आतून आवाज आला. मी मुकाट्यानं धरला. यांनी "वर" म्हटलं की वर, "खाली" म्हटलं की खाली.

मामाजी काठी टेकत बाहेर आले. "काहून काढलं गा ते रबर?"

"खराब निघालं, बाबा."

मामाजींनी एक गादी उचलली. थरथरत्या अंगठ्यानं दाबली. कोरं करकरीत रबर, दाबलं की वर येत होतं. मग त्यांनी मोटारीखालून बाहेर आलेल्या यांच्या पायांकडे पाहिलं.

"हो गा," ते म्हणाले, "एकदम बेकार माल आहे." आणि दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले.