अकरा वेळा अबू

धावजी राठोड अकरा वेळा माउंट अबूला जाऊन आला होता आणि दिलवाड्याची देवळं त्यानं एकदाही पाहिली नव्हती. ही गोष्ट साऱ्या दुनियेत एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे धावजी.

यात गूढ असं काही नाही. धावजी तीस वर्षं यात्रेच्या बसवर आचारी होता. बस कळंबच्या घनश्यामभाऊंची. घरची कपाशी-सोयाबीनची शेती बरी चालली असताना या गृहस्थाला लोकांना देवाधर्माला फिरवून आणायचा नाद. तुरी घरात आल्या की, आणि पुन्हा उन्हाळ्यात, आसपासच्या गावांतली चाळीसेक माणसं गोळा करायची, गावच्या चिंतामणी गणपतीपुढे नारळ फोडायचा आणि गाडी काढायची. बसच्या पोटात गॅसच्या टाक्या, भट्टी, मोठाले गंज-पातेली, तांदळाची पोती, आणि सगळ्यात मागच्या सीटवर धावजी. माणसं देव बघायला उतरली की हा कांदे घेऊन बसे. ती भुकेजून परतली की पंगत वाढी. जेवून त्यांनी जरा पाठ टेकली की हा भांडी घाशी. मग पुढचा मुक्काम.

दिलवाड्याला तर त्याचं नशीबच आडवं येई. तिथं सकाळी पूजा चालते आणि बाहेरच्या माणसांना दुपारी बारानंतर आत सोडतात, ते सहापर्यंत. आता बारा ते सहा ही आचाऱ्याची हातघाईची वेळ. बस धर्मशाळेच्या आवारात उभी राही, लोक जीप करून देवळांकडे जात. धावजीला त्या देवळांची बाहेरची भिंतसुद्धा कधी दिसली नव्हती.

पहिल्या खेपेनंतर तो आपल्या बंजारा तांड्यावर परतला तेव्हा चार माणसं जमली आणि विचारू लागली, काय काय पाह्यलं, सांग. वांगी चिरली, असं सांगायला धावजीची जीभ रेटेना. पंगतीत वाढताना लोकांची बोलणी कानावर पडली होती, तीच त्यानं मीठमसाला लावून सांगितली. संगमरवर असा कोरलाय की जणू दुधावरची साय. हत्ती आहेत दगडाचे. दोन जावांनी एकमेकींवर चढ करत दोन कोनाडे कोरून घेतलेत. माणसं तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. दर खेपेच्या पंगतीत नवा माल मिळे, दर खेपेला देऊळ थोडं मोठं होई. होळीला तांड्यावर सगळे जमले की तांड्याचे प्रमुख, नायक, स्वतः म्हणायचे, "धावजी, थे अबूचं सांग." आणि धावजी घसा खाकरून सुरू होई. थापाड्या म्हणा हवं तर. पण दिवसभर भट्टीपुढे भाजून निघालेल्या माणसाला एवढी तरी मिजास असावी, असं मला वाटतं.

या गोष्टी ऐकताना एकाच माणसाचं तोंड कडू होई. ते म्हणजे त्याची बायको, लालीबाई.

नवरा दोन-दोन महिने बाहेर, आणि हिच्या वाट्याला तीन एकर जमीन, दोन म्हशी आणि दोन लेकरं. निंदण तिचं, वेचणी तिची, म्हातारी सासू तिची. तांड्यापासून कळंबचा बाजार आणि फार तर यवतमाळचा दवाखाना, एवढाच तिचा भूगोल. भांडण कशावरूनही निघो, येऊन थांबे एकाच जागी. "तुम्ही दुनिया पाह्यली. मी काय पाह्यलं? कापसाची पऱ्हाटी." नवरा यात्रेहून परत येई त्या दिवशी तिनं कधी गोडधोड केलं नाही. भाकर आणि ठेचा पुढ्यात सरकवून ती गोठ्यात निघून जाई, आणि पुढचे चार दिवस तिचं तोंड फुगलेलं असे. बाईचा स्वभावच तिरसट, असं धावजीनं ठरवून टाकलं होतं. खरं सांगितलं असतं तर एका मिनिटात भांडण मिटलं असतं. पण मग होळीची मिजास गेली असती.

यंदा ऐन वेळी दोन सीटा रिकाम्या राहिल्या. घनश्यामभाऊ फोनवर म्हणाले, "धावजी, वहिनीले घेऊन ये. किती वर्षं एकटाच फिरशीन?"

धावजीनं घरी हे सांगायचं टाळलं असतं, पण फोन आधी सुनेनं, बबितानं उचलला होता आणि तिनं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लालीबाईनं पेटीतून आरशांचा फेट्या म्हणजे घागरा, कांचळी आणि ओढणी काढली. लग्नकार्याशिवाय हल्ली ती साडीच नेसे. पण आता ती दुनिया पाहायला चालली होती.

बसमध्ये दोन दिवस तिनं सगळ्या बायांना एकच सांगितलं, "मले काही गाइड-बिइड नाई पायजे. यायले सारं तोंडपाठ आहे." बाया कौतुकानं मागच्या सीटकडे पाहत. धावजी लसूण सोलत होता. तीस वर्षांत जेवढा लसूण सोलला नसेल तेवढा त्यानं त्या दोन दिवसांत सोलला.

अबूच्या धर्मशाळेत पोचल्यावर त्यानं शेवटचा प्रयत्न करून पाहिला. भट्टी पेटवत म्हणाला, "तू जाय या बायासंगं. मले सैपाक आहे."

"आज नाई," घनश्यामभाऊंच्या पत्नी लीलाबाई पदर खोचत पुढे आल्या. "आज आम्ही चौघी करतो. तुम्ही वहिनीले देऊळ दाखवा. घ्या, द्या थो सराटा इकडं."

भाजी परतायचा सराटा हातातून गेला आणि धावजीजवळ सबबही उरली नाही.

दिलवाड्याच्या दारातच चौकीदारानं त्याला अडवलं. कमरेला चामड्याचा पट्टा होता. चामडं आत चालत नाही. धावजी पट्टा सोडू लागला, आणि लालीबाई त्याच्याकडे बघत राहिली. "अकरा डाव आले नं तुम्ही? पट्टा काहून घातला मंग?"

"भुललो," धावजी म्हणाला आणि एका हातानं पँट सावरत पुढे झाला.

समोर एक साधी भिंत होती. साधी म्हणजे अगदी साधी, पंचायत समितीच्या इमारतीसारखी. लालीबाई थबकली. "पाच कोसावरून पांढरं चमकते म्हणत होते तुम्ही."

"थे आतून," धावजी म्हणाला. पाच कोसांवरून आतून कसं चमकेल, हे त्यालाही कळलं नसावं.

आत शिरताच त्यानं ठरवून उजवीकडे हात केला. "हे पाय, इथं थे जावांचे कोनाडे." तिथं कोनाडे नव्हते. एक खांब होता आणि त्याला टेकून उभा असलेला तिथला एक गाइड होता. लालीबाईनं सरळ बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच त्याला विचारलं, देराणी-जेठाणीचे कोनाडे कुठे आहेत. राजस्थानी माणूस, त्याला तिची बोली बरोबर समजली. तो हसून म्हणाला, "माताजी, वो तो दूसरे मंदिर में है." मग धावजीकडे पाहून म्हणाला, "पहली बार आए हो क्या?"

उत्तर द्यायला धावजी तिथं होताच कुठे? त्याची नजर वर गेली होती. वर घुमट होता, आणि घुमटाच्या मधोमध दगडाचं झुंबर लोंबत होतं, पाकळीखाली पाकळी, इतकी पातळ की पलीकडचा उजेड आरपार येत होता. भोवती नाचणाऱ्या बाया, प्रत्येकीच्या अंगावरचा दागिना निराळा. लोकांनी पंगतीत जे सांगितलं होतं त्यात यातलं काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत आपण जे सांगत आलो ते किती भिकार होतं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. हात पँटवरून सुटला, तो त्यानं घाईनं परत धरला, पण मान काही खाली केली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

लालीबाई घुमट बघत नव्हती. ती नवऱ्याला बघत होती.

काही वेळानं त्याला कोपरानं ढोसून ती बाहेर घेऊन आली. चपला घातल्या. पायरीवर बसली. धावजी शेजारी उभा राहिला, हातात पट्टा घेऊन.

"पहिल्यांदाच पाह्यलं तुम्ही हे."

धावजीनं मान डोलावली.

"अन् अकरा डाव काय केलं इथं?"

"सैपाक."

"बद्रीनाथ?"

"खालीच होतो. वर्त जाऊन येईपर्यंत भात झाला पायजे होता लोकायचा."

"रामेश्वर?"

"समुद्राचा वास येत होता," धावजी म्हणाला. "अन् भट्टी इझे वाऱ्यानं. घडीघडी."

"द्वारका? थे गंगासागर?"

धावजीनं नुसते हात पसरले. तिखट, हळद आणि धुरानं काळे पडलेले, कढईचे जुने चटके असलेले ते हात लालीबाईनं पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहिले. जत्रेसारखी माणसं येत-जात होती. तिच्या फेट्यावरच्या आरशांकडे पोरं टकमक बघत होती. धावजीला वाटलं, आता ही हसेल, आणि उद्या सगळ्या बसला सांगेल, आणि होळीला तांड्यावर आपलं पितळ उघडं पडेल. ते परवडलं असतं. पण लालीबाईचे ओठ थरथरायला लागले.

"म्हणजे तुम्हीबी चुलीपाशीच होते," ती म्हणाली. "अन् मी तिकडं पऱ्हाटीत उभी राहून रोज म्हणो, हा फिरून राह्यला मजेत. मी तुमच्याशी नीट बोलली नाई. तुम्ही दमून घरी आले, त मी तुमाले गरम पाणीबी देल्लं नाई कधी." तिनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि एकदम आवाज चढवून विचारलं, "मंग मी तीस वर्षं जळली कोनावर?"

धावजी पट्टा गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

लालीबाई उठली. घातलेल्या चपला तिनं पुन्हा काढल्या, आणि भर लोकांत नवऱ्याचं मनगट धरून म्हणाली, "चला. सहापर्यंत उघडं आहे म्हणते थो चौकीदार."